मुखरूच्या मागची झील

लटारूच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं ओवा-मीठ खाऊन जाणारं नव्हतं. बायको वच्छला गरम पाणी देऊन देऊन थकली. वैदूनं नाडी पाहिली, जीभ पाहिली, एक कडू पाला दिला. पण बाप्पा, रोगच कळला नाही तर पाला काय करणार? रोग मी सांगतो. लटारूला मुखरू झाला होता. कोणाला ताप होतो, कोणाला खोकला होतो, तसा याला मुखरू.

आता हा मुखरू कोण, ते ऐका. आमच्या चिचटोल्याची दंडार आरमोरीपासून वडश्यापर्यंत नावाजलेली. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाटक म्हणा, तमाशा म्हणा, भजन म्हणा, तिन्ही थोडं थोडं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, पावणेरावळे येतात, पोरींची लग्नं ठरतात, आणि दंडारीशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय आंबील. त्या दंडारीचा शाहीर मुखरू, जातीचा ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारा. पुढं उभा राहून डफ वाजवायचा आणि ओळ टाकायचा. मागं उभा लटारू. ओळ पडली की ती उचलायची, लांबवायची, शाहिराला दम घ्यायला जागा करून द्यायची, आणि तो अडलाच तर पुढच्या कडव्याचं टोक अलगद त्याच्या कानात सोडायचं, हे लटारूचं काम. याला झील धरणं म्हणतात. सोळा वर्षं असं चाललं. वाहवा पुढच्याला, घसा मागच्याचा.

आणि एक गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. तलावात बुडी मारली की घटकाभर वर न येणारा हा ढिवर गाताना मात्र तिसऱ्या कडव्यात हमखास धापा टाकायचा. दम तुटला की तो डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटे, वा, काय तल्लीन झाला आहे! कशाचा तल्लीन, बुडत होता लेकाचा. लटारू मागून झील द्यायचा आणि हा वर यायचा. हे काही कोणी कोणाला सांगितलं नाही. लटारूनंही नाही. पण रोज वाहवा ऐकली की त्याच्या मनात यायचं, एक दिवस मी नसलो तर कळेल याला.

छप्पन सालच्या दिवाळीत बिनसलं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारनं कागदावरून काढून पाच वर्षं झाली होती, तरी तलावाच्या बांधावर, पाळीवर, मालगुजाराचा माणूस काठी घेऊन बसायचा तो बसायचाच. ढिवरांनी जाळं टाकलं की जाळं ओढून न्यायचा. तोच मालगुजार आता इलेक्शनीला उभा राहणार होता. दंडारीचे कपडे, पेटी, गॅसबत्ती सगळं त्याच्याकडून यायचं, म्हणून दंडार-पार्टीचा मालक रामाजी याचं तोंडही सदा तिकडंच. तालमीत रामाजीनं नवं गाणं आणलं. मालगुजार माय-बाप, तलावाचा धनी, असं काहीतरी.

मुखरूनं ऐकलं आणि म्हणाला, "रामाजीभाऊ, हे मी नाई गात."

"काऊन? घसा बसला का?"

"घसा चांगला हाये, म्हूनच नाई गात. ज्याच्या मानसानं माह्या बापाचं जाळं पाळीवर पेटवलं, त्याले मी माय-बाप म्हनू?"

"अबे, गानं हे गानं असते. रावनाचं सोंग घेते तवा तू रावन होते का?"

"रावनाचं सोंग घेतो तवा लोकायले ठाऊक असते का हे सोंग हाये," मुखरू म्हणाला. "हे त्यायले खरं वाटन."

रामाजीनं शिवी दिली. मुखरूनं डफ कपाळाला लावला, जमिनीवर ठेवला आणि निघाला. दारात थांबून लटारूला म्हणाला, "चालते का संगं?"

लटारूनं ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण त्याची नजर जमिनीवरच्या डफावर होती. मुखरू जरा वेळ थांबला, मग चप्पल घालून गेला. त्यानंतर कोणी काही बोलायच्या आत लटारूनं डफ उचलला. खोटं कशाला सांगू, त्याला आनंद झाला होता. सोळा वर्षं ज्या पाठीकडं पाहून गायलं ती पाठ समोरून हटली, आणि पुढं सगळं मोकळं दिसलं. आता आपण शाहीर! यापरतं त्याला जन्मात दुसरं काही नको होतं.

पण हाय रे दैवा. पहिल्याच मंडईत लटारू पुढं उभा राहिला, ओळ टाकली, आणि सवयीनं तिची झीलही स्वतःच धरून बसला. मागची पोरं आ वासून पाहत राहिली, आता आपण काय करावं. ओळ टाकून थांबणं त्याला जमेचना. थांबलं की वाटायचं, कोणीतरी पुढून गाईल. लोक हसले. बायांच्या बाजूनं कोणी तरी म्हणालं, "आयत्या बिळावर नागोबा, पन फना काढाले विसरला गा!" लटारूच्या कानाला ते जे चिकटलं, ते सुटलंच नाही.

आणि तिकडं मुखरू? तो घरी बसून जाळी विणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्याला लाल झेंड्याच्या लोकांनी उचललं. त्यानं तलावाचं गाणं बांधलं, आणि ते गाणं वणव्यासारखं पसरलं. आज वडश्यात सभा, उद्या गडचिरोलीत, परवा बल्लारपूरला कामगारांच्या पुढं. चांद्याला तर म्हणे माणसं झाडावर चढून ऐकत होती. झाडीपट्टीबाहेर ज्याचं नाव कोणी धड घेत नव्हतं, त्याला आता भोंगा लावलेली जीप न्यायला येई. गळ्यात झेंडूचे हार. आरमोरीच्या न्हाव्यानं नागपूरच्या पेपरातला फोटो कापून आरशाशेजारी चिकटवला. लटारू दाढीला गेला तर समोर स्वतःचं तोंड, आणि बाजूला मुखरूचं. अर्धी दाढी ठेवून उठला तो.

बरं, घरी तरी सुख असावं? वच्छला धान कांडत होती आणि मुसळाच्या ठेक्यावर गुणगुणत होती,

"आज्यानं माह्या माती खनली, आजीनं टोपली वाह्यली,
त्याच तलावाच्या पाळीवर आज कोनाची काठी राह्यली?"

लटारूचा तिळपापड झाला. "कोनाचं गानं म्हनून राह्यली?"

"गानं हाये. कोनाचं म्हंजे?"

"या घरात त्याचं गानं कांडाचं नाई!"

"अवो, चांगलं हाये म्हून तोंडात बसलं," वच्छला मुसळ न थांबवता म्हणाली. "तुमचं बसलं असतं त तुमचं म्हनलं असतं."

लटारू उठून बांधावर गेला आणि तिथं बसून त्याच गाण्यात चुका काढू लागला. चुका काढायच्या म्हणजे गाणं पाठ हवं. तिन्ही कडवी त्याला कधीच पाठ झाली होती. द्वेषानं माणूस जितकं लवकर पाठ करतो, तितकं गुरुजीच्या छडीनंही करत नाही.

आता या सगळ्यात एक गंमत पहा. कोणी सभा ऐकून आलं की लटारू त्याला गाठायचा. हार किती होते विचारायचा नाही, माणसं किती होती तेही नाही. एकच विचारायचा, "मांगं झील कोन धरते?" पहिल्यांदा उत्तर आलं, कोणीच नाही. तो आठवडा लटारूचा बरा गेला. मग एक दिवस आरमोरीहून आलेल्या माणसानं सांगितलं, "जंगू म्हून एक हाये. बल्लारपूरच्या कारखान्यातला. लंबा, काळासावळा, चांगला हाये मानूस."

त्या दिवशी लटारू जेवला नाही. हारांचा हेवा होता, जीपचा होता, फोटोचा होता, पण ते सगळं सहन करता आलं असतं. हे नाही. मुखरूच्या मागं दुसरा! आपल्या पाटावर परका जेवायला बसावा, आणि घरच्यांनी त्याला आग्रह करावा, तसं त्याला झालं. जागा आपण सोडली, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर आणखी जळत होतं.

माघ महिन्यात, इलेक्शनीच्या तोंडावर, आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी मुखरूची सभा लागली. त्याच दिवशी संध्याकाळी मालगुजाराची सभा, तिथं लटारूनं गायचं. रामाजीनं बजावलं होतं, "त्यायच्या सभेकडं फिरकाचं नाई. एक डाव पाह्यलं त पाय मोडीन." लटारू म्हणाला, "मले काय पडलं? मी मिर्ची आनाले जाऊन राह्यलो." मिरची घरी पोतंभर होती. वच्छलानं नुसती पिशवी हातात दिली.

तो गेला कशाला, ते त्यालाही पक्कं ठाऊक होतं. मुखरूला पडताना पाहायला. जंगू कितीही चांगला असो, तिसऱ्या कडव्याची गोष्ट त्याला थोडीच ठाऊक असणार! आजवर ढोलकीच्या आडोशानं निभावलं असेल, पण किती दिवस! डोक्यावरून दुपट्टा ओढून लटारू एका बैलगाडीमागं उभा राहिला. बाजार सोडून माणसं सभेकडं लोटली होती. मुखरू उठला. जाडा झाला होता थोडा. भोंग्यातून त्याचा आवाज आला आणि लटारूच्या अंगावर काटा आला, राग येत असूनही आला.

पहिलं कडवं झालं. मागं जंगूनं झील धरली, "कोनाची गा, कोनाची?" आवाज गोड होता पोराचा. पण उशिरा. एका टाळीनं उशिरा! ओळ जमिनीवर पडायची आणि मग हा वाकून उचलायचा. लटारूला इतकं बरं वाटलं की त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. दुसरं कडवं झालं. लोक डोलू लागले. मग मुखरूनं दम घेतला, तो पुरा भरला नाही, आणि त्यानं डोळे मिटले.

लटारूनं पाहिलं. बुडाला. जंगूला वाटलं शाहीर तल्लीन झाला, म्हणून तोही डोळे मिटून उभा. ढोलकी वाजते आहे, दोन फेरे झाले, तीन झाले, मुखरूचं तोंड उघडत नाही. गर्दीत कुजबुज झाली, कुठं तरी मालगुजाराचा माणूस हसला. "पड," लटारू मनात म्हणत होता, "पड लेका, एकदा पड, म्हंजे कळन तुले मांगं कोन होता!" तीन महिने याच घडीची वाट पाहिली होती त्यानं. आणि त्याच वेळी, मनात पड-पड चालू असताना, त्याचं तोंड उघडलं आणि बैलगाडीमागून खणखणीत झील गेली,

"कोनाची गा, कोनाची... पानी नाई इचारत..."

मुखरूनं डोळे न उघडता ती ओळ उचलली,

"पानी नाई इचारत कोनाले, तू धनी का चाकर,
ज्यानं पाळ बांधली हातानं, त्याचीच मासोळी-भाकर!"

काय सांगू! सगळा बाजार उठून उभा राहिला. टोप्या उडाल्या, दुपट्टे उडाले. लोकांना वाटलं हे ठरवूनच केलं, गर्दीतून गरिबाचा आवाज यायचा आणि शाहिरानं तो उचलायचा. वा रे मुखरू, काय डोकं! आणि लटारू तिथं उभा, दुपट्टा खांद्यावर घसरलेला, तोंड अजून उघडं. स्वतःच्या जिभेला चावावं असं त्याला झालं.

दुपट्टा खाली, तोंड उघडं, आणि समोर रामाजी. तो मंडपाचे बांबू पाहायला बाजारात आला होता.

"वा लटारू, वा! माह्या पार्टीचा शाहीर, अन् त्यायच्या सभेत झील?"

"भाऊ, चुकून निंघालं."

"चुकून शिंक निंघते. दुसऱ्याचं गानं नाई निंघत," रामाजी म्हणाला. "संध्याकाळी तू येऊ नोको. मांगचा पोरगा डोमा गाईन. डफ माह्या घरी पोचता कर." एवढं बोलून तो बांबूंकडं वळला.

झालं. तीन महिन्यांची शाहिरी एका ओळीत गेली. पण खरं सांगतो, लटारूला त्याचं फार वाईट वाटलं नाही. उलट छाती हलकी झाली. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. मुखरूनं उचलली ना ओळ? डोळे मिटूनच उचलली ना? मग झालं तर! तो गर्दीतून वाट काढत सभेमागच्या मोहाच्या झाडाखाली गेला. मुखरू तिथं घाम पुसत बसला होता. पाहताच उठला आणि त्यानं लटारूला मिठी मारली.

"तूच होता बे! म्या आवाजच ओळखला."

"मले संगं घे," लटारू म्हणाला. "रामाजीनं काढलं मले. आजपासून झील मी धरतो."

मुखरूनं त्याला खाली बसवलं. पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "लटारू, तलाव कोनाचा?"

"तू म्हनशीन त्याचा."

"तुले काय वाटते ते इचारलं."

"माह्या धानाले पानी भेटते. मले काय वाटाचं हाये?" मग चूक लक्षात येऊन तो घाईनं म्हणाला, "ढिवरायचा. गावाचा. पटते मले, पटते म्हनतो ना!"

"कवापासून?"

लटारू दुपट्टा सावरू लागला.

"मांगच्या आठवड्यात आमच्यावर गोटे पडले," मुखरू म्हणाला. "जंगूचं डोकं फुटलं, तरी तो गात उभा होता. त्याले पटते म्हून. मले खोटं गाता येत नव्हतं म्हून म्या पार्टी सोडली गा. आता माह्याच मांगं तुले खोटं गाले उभं करू?"

तेव्हा मात्र लटारूचा बांध फुटला. "मले तलाव नाई पायजे! झेंडा नाई, हार नाई, काई नाई पायजे! तुह्या मांगं त्याचा आवाज मले ऐकवत नाई. पोटात आग पडते माह्या. सोळा वर्सं ते जागा माह्यी होती, मुखरू. हे खरं हाये. हे चालत असन त घे मले!"

मुखरूच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं हाये," तो म्हणाला. "पन हे माह्यासाठी हाये, लटारू. तलावासाठी नाई. अन् लोक तलावासाठी गोटे खाऊन राह्यले." मग त्यानं लटारूचा हात हातात घेतला. "एक काम करशीन? जीप निंघाले येळ हाये. जंगूले शिकवून दे. तुह्यासारखी कोनाले येत नाई."

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? लटारूला वाटलं, उठून जावं. मग वाटलं, नाही, शिकवतो. असा शिकवतो की पुढच्या सभेत तोंडावर पडतील दोघं. तो उठला आणि जंगूसमोर जाऊन बसला. जंगूच्या कपाळावर पट्टी होती. त्यानं वाकून पायाला हात लावला. "लटारूभाऊ, मुखरूभाऊ रोज तुमचं नाव काढते. म्हने, लटारू असता त."

हे ऐकून लटारूला जास्तच राग आला. "गाऊन दाखव," तो म्हणाला, आणि त्यानं मुद्दाम चुकीची जागा दाखवली, ओळ संपल्यावर दोन टाळ्या सोडून. जंगूनं तशीच धरली. तशीच! बिनडोकासारखी, विश्वासानं. ओळ पडली, मेली, आणि वर झील आली. लटारूनं दात आवळले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मात्र त्याला ऐकवेना. त्यानं मांडीवर चापट मारली. "अबे असं नाई! ओळ संपाची वाट पाह्यते काय? शेवटचा शब्द त्याच्या तोंडात असते तवाच उचलाचा! आयक." आणि मग त्यानं शिकवलं. श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं. लांबवायचं किती, सोडायचं कुठं, तेही. सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट त्यानं मागं ठेवली होती. ती एवढी तरी आपली असू द्या, असं त्याला वाटत होतं. जीपवाल्यानं हाक मारली. जंगू उठला, दोन पावलं गेला.

"अबे थांब," लटारू म्हणाला. जवळ जाऊन हळू आवाजात त्यानं सांगितलं, "तिसऱ्या कडव्याच्या आंधी त्याचा दम तुटते. त्यानं डोळे मिटले का पुढच्या ओळीचं टोक देजो. कोनाले सांगू नोको."

जंगूनं मान हलवली आणि जीपमध्ये मुखरूच्या मागं जाऊन बसला. जीप गडचिरोलीच्या रस्त्याला लागली. भोंगा चालूच होता. बाजार ओलांडताना मुखरूनं गाणं धरलं, लोक दोन्ही बाजूंनी धावत होते. लटारू रस्त्याच्या कडेला रिकामी पिशवी घेऊन उभा राहिला आणि त्यानं कान दिला. पहिल्या कडव्याला झील आली, वेळेवर. दुसऱ्यालाही आली. तिसऱ्याच्या आधी भोंगा गप्प झाला, लटारूचा श्वास अडकला, आणि मग जंगूच्या आवाजात टोक आलं आणि मुखरूनं ते उचललं.

वळणापर्यंत ऐकू येत होतं. लटारूनं एक एक अक्षर ऐकलं, चूक शोधली, पुन्हा शोधली. एकही सापडली नाही. अन् सापडणार कशी, शिकवलं त्यानंच होतं.